गुण द्या, पण कारणासकट: कॉमिक ग्रेडिंग कंपन्यांना पुण्याहून खुले पत्र

प्रति,
सीजीसी, सीबीसीएस, पीएसए आणि कॉमिक्सना ग्रेड देण्याच्या धंद्यात असलेल्या किंवा उतरू पाहणाऱ्या सर्व कंपन्यांचे चालक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या हिशेबात पुणे कुठे येत असेल असं वाटत नाही. आम्ही इथले संग्राहक म्हणजे चार-पाच जणांत मिळून कॉमिक्सचा एक खोका भरणार, तो मध्यस्थाच्या हवाली करणार आणि मग महिनोन्‌महिने ट्रॅकिंग नंबरकडे डोळे लावून बसणार. एवढ्याशा गिऱ्हाइकाने मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत, हे कळतं. पण तुम्ही तिकडे अमेरिकेत बसून लेबलावर जो आकडा छापता, त्यावर इकडे कोथरूड-कर्वेनगरात व्यवहार ठरतात, वाद होतात, कधी कधी बोलणंही बंद होतं. तेव्हा चार शब्द ऐकवण्याचा हक्क आम्हाला आहे असं धरून चालतो.

विषय कडकपणाचा. तुमच्यात स्पर्धा वाढली तशी एक वेगळीच चढाओढ सुरू झाली आहे: सगळ्यात कडक कोण? एका कंपनीचे चाहते सांगतात, त्यांनी दहापैकी ९.८ दिलेला अंक आमच्याकडे आला तर फार तर ९.४ मिळेल. दुसऱ्या कंपनीचे चाहते हेच वाक्य उलटं फिरवून म्हणतात. नवी कंपनी आली की सुरुवातीचे निकाल कडक असतात म्हणे, आणि धंद्याचा जम बसला की हात सैल होतो म्हणे. हे ‘म्हणे’ मुद्दाम लिहिलं आहे. खरंखोटं करायला जी माहिती लागते ती तुमच्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दहावीचे पेपर तपासले, पुढे मॉडरेटर म्हणूनही, म्हणजे इतर परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा बघायचं, काम केलं. कडक परीक्षक ही जात मला चांगली ठाऊक आहे. शाळेत त्यांचा दरारा असतो, पालकांत नाव असतं. पण मॉडरेटरच्या टेबलावर त्यांचा गठ्ठा येतो तेव्हा डोकं धरून बसायची पाळी येते, अगदी सैल हाताच्या परीक्षकाचा गठ्ठा आल्यावर येते तशीच. कारण दोघांच्याही बाबतीत प्रश्न तोच असतो. समीकरण बरोबर मांडलं, शेवटच्या पायरीला चिन्ह चुकलं, तर किती गुण कापायचे? गुणदान योजनेत जे लिहिलं असेल तेवढे. एकाने एक कापला आणि दुसऱ्याने तीन कापले, तर त्या पोराचं नशीब त्याच्या गणितावर ठरत नाही, पेपर कोणत्या गठ्ठ्यात गेला यावर ठरतं. तुमच्या कडकपणाच्या जाहिराती वाचताना मला हेच गठ्ठे आठवतात.

पत्र खुलं आहे, त्यामुळे ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुनं किंवा नवं कॉमिक या कंपन्यांकडे फी भरून पाठवायचं. तिथली माणसं पानं मोजतात, मधलं जोडपान पिनांना धरून आहे का बघतात, कुणी मुखपृष्ठावरचा डाग रंगाने झाकलाय का, फाटलेली कड चिकटवलीय का, कडा कातरून सरळ केल्यात का हे तपासतात. मग ०.५ पासून १० पर्यंतच्या पट्टीवर एक आकडा ठरतो आणि अंक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात कायमचा बंद होतो. त्या डब्याला सगळे स्लॅब म्हणतात. वर लेबल. सीजीसीकडे निळं लेबल म्हणजे साधा अंक, जांभळं म्हणजे डागडुजी केलेला, पिवळं म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर सही घेतलेला, हिरवं म्हणजे एरवी चांगला पण एखादा मोठा दोष असलेला. या हिरव्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे १९७४ चा ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१. वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्णपणे दिसतो तो हा अंक. आत कापून चिकटवायचा एक छोटा चित्र-स्टॅम्प होता, आणि त्या काळच्या पोरांनी तो इमानेइतबारे कापला. आज त्या कापलेल्या चौकोनापायी मालकांना रडू येतं.

पट्टीची गंमत अशी की ती सारख्या अंतराने चढत नाही. खालच्या भागात बहुतेक अर्ध्या-अर्ध्याने जाते. ९ ओलांडलं की ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९, १० अशा बारीक पायऱ्या लागतात. म्हणजे जिथे डोळ्याला फरक दिसेनासा होतो तिथेच पायऱ्या दाट, आणि पैसाही नेमका तिथेच दाट. नव्या अंकांत तर ९.८ मिळाला तरच फीचे पैसे वसूल, ९.६ म्हणजे हात चोळत बसा.

हा फरक प्रत्यक्षात केवढा असतो ते सांगतो. अंकाच्या कण्यावर, वरच्या पिनेच्या शेजारी एक आडवी रेघ असते. लांबी दोन मिलिमीटरही नाही. कागद दबलाय, पण शाई तुटलेली नाही. दिव्याखाली अंक सपाट ठेवला तर रेघ दिसत नाही. जरा तिरका केला की चमकते, आणखी तिरका केला की पुन्हा नाहीशी होते. आता ही धरायची की सोडायची? सकाळी ताज्या डोळ्यांनी बसलेला माणूस धरेल, संध्याकाळी गठ्ठा उपसून थकलेला माणूस सोडेल. कदाचित उलटंही होईल. दोघंही प्रामाणिक असू शकतात. मात्र त्या एका रेघेवर अंकाची किंमत निम्म्यावर येऊ शकते.

तुमचे उपकार नाकारत नाही. तुमच्या आधी काय होतं ते आमच्या पिढीला माहीत आहे. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किमतींची मार्गदर्शिका निघाली आणि मिंट, फाइन, गुड, पुअर असे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले. पण शब्द लावणार कोण? विकणाराच. आपला तो बाब्या. टपालाने ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नवाकोरा, मागवायचा आणि पाकीट फोडल्यावर कोपरे मुडपलेला अंक निघायचा. २००० साली सीजीसी आली आणि विकणारा-घेणारा सोडून तिसऱ्याच माणसाने अंक बघायची पद्धत पडली. त्याचं फळ दिसतंच आहे. १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्याची ९.० ची प्रत २०१४ मध्ये ऑनलाइन लिलावात ३२ लाख डॉलर्सना गेली. २०२१ मध्ये स्पायडरमॅनचा पहिला अंक, ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक १५, ९.६ ग्रेडमध्ये ३६ लाख डॉलर्सना. आणि २०२४ मध्ये त्याच ‘ॲक्शन कॉमिक्स’ची ८.५ ची प्रत ६० लाख डॉलर्सना. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर एवढे पैसे कुणी मोजले नसते.

स्पर्धेनेही भलं केलं आहे. सीजीसीचे सुरुवातीचे मुख्य ग्रेडर स्टीव्ह बोरॉक यांनीच २०१४ मध्ये सीबीसीएस उभी केली, आणि ग्रेडरने लिहिलेल्या टिपा ग्राहकाला फुकट द्यायला सुरुवात केली. तोवर टिपा हव्या तर वेगळे पैसे मोजा असा मामला होता. साक्षीदाराशिवाय घेतलेल्या जुन्या सह्या तपासून देण्याची सोयही त्यांनी केली. पुढे सीबीसीएस बेकेट या कार्डांना ग्रेड देणाऱ्या कंपनीकडे गेली. आता संग्राहकांच्या कार्डांच्या (खेळाडूंची वगैरे) दुनियेतली बलाढ्य पीएसए कॉमिक्समध्ये उतरली आहे. एकच दुकान असतं तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकाकडे कसा बघतो, हे पुणेकराला सांगायला नको. दुसरं दुकान उघडलं हे चांगलंच झालं.

पण स्पर्धा कशात करायची हे तुम्ही चुकीचं निवडलंत.

पैसे कोण देतं ते बघा. फी भरतो अंक पाठवणारा, आणि त्याला जास्तीत जास्त आकडा हवा असतो. बंद डबा विकत घेणारा तुम्हाला छदामही देत नाही, आणि खरा आकडा हवा असतो तो त्याला. भरीत भर म्हणजे फी अंकाच्या किमतीनुसार चढते. अंक महाग ठरला तर वरच्या दराची फी. तेव्हा हात सैल सोडला तर पाठवणारे खूश, गठ्ठे वाढतात. फार सैल सोडला तर घेणाऱ्यांचा विश्वास उडतो, तुमच्या डब्यातल्या अंकांना कमी भाव येतो आणि पाठवणारेही दुसरीकडे वळतात. मग हात आवळायचा, आणि आवळल्याचा गवगवा करायचा. या दोऱ्या ओढण्यात अंक बिचारा जसा होता तसाच राहतो. सीजीसीच्या कार्ड विभागाचं उदाहरण घ्या. तिथे एके काळी ‘जेम मिंट’, म्हणजे जवळपास निर्दोष, याचा आकडा ९.५ होता. नंतर पट्टी बदलली आणि ‘जेम मिंट’ म्हणजे १० झाला. शेजारच्या दुकानात ‘जेम मिंट’ १० असताना आपण ९.५ का म्हणून द्यायचा, हा हिशेब मला तरी त्यामागे दिसतो. कार्डं काही रातोरात सुधारली नाहीत.

ओळखीतल्या एका गृहस्थांचा किस्सा. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला एक मार्व्हलचा अंक होता. एका कंपनीने ८.५ दिला. त्यांना तो कमी वाटला, कारण त्याच कंपनीच्या ९.० च्या डब्यातले याहून वाईट अंक त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. डबा फोडला, दुसऱ्या कंपनीकडे पाठवला, ९.० मिळाला. एव्हाना माणसाला चेव चढलेला. पुन्हा फोडला, पुन्हा पहिल्या कंपनीकडे, आणि या खेपेला ८.० घेऊन घरी आले. आता डबा फोडताना कोपरा दबला असेल, प्रवासात काही झालं असेल, किंवा पहिला निकालच सैल असेल. काहीही शक्य आहे. काय झालं ते कळायला हवं होतं, पण कोणत्या दोषासाठी किती कापले हे तिन्ही वेळा कागदावर कुठेच नव्हतं. कुरिअर, विमा, मध्यस्थाचं कमिशन आणि परत येताना ही आमचीच वस्तू आहे हे कस्टमला पटवण्याची यातायात, हे सगळं तिप्पट झालं ते वेगळंच. अमेरिकेतल्या संग्राहकाला तुमच्या लहरीची किंमत टपालखर्चाएवढी पडते. आमच्याकडे त्यात एखादा बरा अंक विकत आला असता.

या डबे फोडण्याचा आणखी एक परिणाम आहे, ज्यावर तुम्ही गप्प असता. कोणत्या अंकाच्या कोणत्या ग्रेडच्या किती प्रती आहेत याची खानेसुमारी तुम्ही जाहीर करता. फोडलेल्या डब्याचं लेबल मालकाने परत पाठवलं नाही तर जुनी नोंद तशीच राहते आणि तोच अंक नव्या नावाने पुन्हा मोजला जातो. म्हणजे तुमचा निकाल जितका डळमळीत, तितके लोक पुन्हा नशीब आजमावतात, आणि तितकी तुमची खानेसुमारी फुगते. मतदार यादीत मेलेल्यांची नावं राहतात तसं काहीसं, पण तिथे निदान हरकत घ्यायची मुदत तरी असते.

आमच्या बोर्डाचं मुख्यालय इथेच आहे, शिवाजीनगरला भांबुर्ड्यात, बालचित्रवाणीच्या जवळ. बोर्डाला शिव्या घालणं हा आम्हा शिक्षकांचा आवडता छंद, मीही तो भरपूर केला. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. दहावीच्या पोराला निकाल पटला नाही तर ते गुणपडताळणीसाठी अर्ज करू शकतं, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागू शकतं, पुढे पुनर्मूल्यांकनही मागू शकतं. कोणत्या प्रश्नाला किती मिळाले, लाल पेन कुठे फिरलं, हे त्याला घरी बसून बघता येतं. परीक्षक किती कडक होता हा मुद्दाच मग दुय्यम होतो, कारण त्याचं काम उघड्यावर असतं. आणि परीक्षकाला आधीपासून ठाऊक असतं की आपलं काम उद्या कुणीतरी बघणार आहे. माणूस सरळ वागायला एवढं पुष्कळ होतं.

तुमच्याकडे याला समांतर काय आहे? टिपा. त्या मिळाल्याच तर अनेकदा चार-सहा शब्दांच्या. ‘मागच्या मुखपृष्ठावर हलकी घडी’. किती लांब? शाई तुटली का? तिच्यासाठी किती गेले? ९.८ का नाही आणि ९.४ का नाही? काही नाही. सीजीसीने ग्रेडिंगचं स्वतःचं पुस्तक काढलं ते चांगलंच झालं, पण कंपनी सुरू होऊन वीसहून अधिक वर्षं उलटल्यावर. तोवर लाखो अंक डब्यांत बंद होऊन गेले होते. परीक्षा आधी आणि अभ्यासक्रम मागाहून, असा हा प्रकार.

आणि प्रेसिंग. अंक उष्णता, दमटपणा आणि दाब यांखाली ठेवून त्याच्या लाटा, दबलेल्या खुणा घालवतात. शाई तुटलेली नसेल तर खूण जवळपास नाहीशी होते आणि ग्रेड वर सरकते. याला तुम्ही डागडुजी मानत नाही, त्यामुळे लेबल निळंच राहतं. यावर संग्राहकांत दोन तट आहेत आणि मी स्वतः प्रेसिंगच्या फारसा विरोधात नाही. माझा आक्षेप घरातल्या घरात होणाऱ्या व्यवहाराला आहे. सीजीसी ज्या समूहात आहे त्याच समूहातली सीसीएस ही कंपनी प्रेसिंग करते. एका खिडकीत फी भरून अंक सरळ करून घ्यायचा, शेजारच्या खिडकीत फी भरून त्याला गुण लावून घ्यायचे. आमच्याकडे शिक्षकाने स्वतःच्या शिकवणीतल्या मुलाचा पेपर तपासायला घेतला तर बोभाटा होतो. दोन्ही खिडक्यांमधली भिंत पक्की आहे असं तुम्ही म्हणता. असेलही. पण भिंत आहे हे सांगून भागत नाही, ती दिसावी लागते. अंक आमच्याच समूहाने प्रेस केला आहे, एवढं एक वाक्य लेबलावर छापायला काय हरकत आहे? जाता जाता: पुण्यात जून ते सप्टेंबर कागद जी ओल धरतो, त्यात दाबून बसवलेली लाट पुन्हा डोकं वर काढू शकते. तुमचा डबा हवाबंद नसतो.

डब्याचा विषय निघालाच आहे तर २०२३ च्या अखेरचं प्रकरणही काढतो. सीजीसीला तेव्हा कबूल करावं लागलं की डबे उघडून आतले अंक बदलले गेले, आणि डबा खराब झाला की नवा डबा बदलून देण्याच्या सोयीतून हे अंक नव्या, स्वच्छ डब्यांत जाऊन बसले. संशयित अंकांची यादी साडेतीनशेच्या घरात गेली, प्रकरण कोर्टात गेलं. त्यात मला चोरीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपली. डबा बदलताना आतला अंक तोच आहे का, आणि त्या ग्रेडचा तरी आहे का, हे कुणी पुरेशा लक्षाने पाहिलं नाही. जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून फरक दाखवला तो संग्राहकांनी, स्वतःचा वेळ घालून. पहिल्या तपासणीत कितीही कडक असा, मागच्या दाराला कडी नसेल तर उपयोग काय? प्रत्येक अंकाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो पहिल्या दिवसापासून सर्वांना दिसतील असे ठेवले असते तर हे इतकं लांबलंच नसतं.

आता आमच्या घरचं. भारतीय कॉमिक्सही अधूनमधून तुमच्या डब्यांत दिसतात, आणि इथे मला तुमच्या कडकपणाची नाही, तुमच्या माहितीची काळजी वाटते.

माझ्यासमोर आत्ता एक मराठी इंद्रजाल आहे. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केली, पहिल्या अंकापासून वेताळ, पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर भाषांत मिळून आमच्या अख्ख्या पिढीला तिने पोसलं आणि १९९० मध्ये ती बंद झाली. हा अंक पेठेतल्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून फिरून आला आहे. दुकानदाराने मूळ पिना काढून दाभणाने तीन भोकं पाडली आहेत आणि जाड दोऱ्याने कणा शिवला आहे. मूळ पिनांच्या जागी गंजाचे दोन तांबूस डाग तेवढे राहिले आहेत. पहिल्या पानावर दुकानाचा जांभळा शिक्का आहे, वाचता येणार नाही इतका पुसट. मागच्या पानाला सेलोटेप होती, ती पिवळी पडून गळून गेली, डिंकाचा पट्टा उरला. एका कोपऱ्यात शाईच्या पेनने कुणा मुलाचं नाव आणि ‘इ. ५ वी ब’. कडेला कसरीने खाल्लेली नक्षी आहे.

तुमच्या पट्टीवर हा अंक १.५ चा. वादच नाही. तुम्ही १.० दिलात तरी मी भांडायला येणार नाही. पण मला लेबलावर जे हवं आहे ते निराळं आहे. ही कोणत्या भाषेची आवृत्ती, कोणत्या महिन्याचा अंक, आतल्या कथेची पानं पूर्ण आहेत का, मुखपृष्ठ याच अंकाचं आहे का? भाड्याच्या दुकानात फाटलेल्या अंकाला दुसऱ्याचं मुखपृष्ठ शिवून द्यायचे, अशा प्रती मी पाहिल्या आहेत. मराठी वाचता येणारं कुणी तुमच्याकडे नसेल तर पानांची संख्या मोजून हे कळणार नाही.

अमर चित्र कथेत तर हे आणखी नाजूक आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे, म्हणून ‘कृष्ण’ हा अंक अकरावा. लोकप्रिय अंकांची पुन्हा पुन्हा छपाई झाली, आणि पहिली छपाई कोणती, नंतरची कोणती हे मलपृष्ठावरच्या जाहिराती, छापलेली किंमत, अंकांची यादी अशा बारीकसारीक गोष्टींवरून ताडावं लागतं. इथली मुरलेली मंडळी अंक हातात घेताच सांगतात. तुम्ही नंतरच्या छपाईला पहिली म्हणून डब्यात घातलंत, तर त्यावरचा ९.८ कितीही कडक हाताने दिलेला असो, घेणारा फसलाच. आणि डबा बंद असल्याने आतली जाहिरात उलटून बघायची सोयही गेली. तेव्हा आमचे अंक घ्यायचे तर ते जाणणारा माणूस ठेवा, नाहीतर सरळ सांगा की भाषा आणि छपाई यांची हमी आम्ही देत नाही. तेही चालेल. नम्र अज्ञानाचा आम्हाला राग नाही.

मग मागणं काय? कडक व्हा असं मागणं नाही आणि सैल व्हा असं तर मुळीच नाही. मॉडरेटर करतो ते काम तुम्ही करा, आणि उघड करा. तुम्हीच आधी ग्रेड दिलेले काही अंक दर वर्षी बाजारातून विकत घ्या. डबे काढून, जुना आकडा लपवून ते तुमच्याच ग्रेडरांपुढे पुन्हा ठेवा. कितींना तोच आकडा मिळाला, किती एका पायरीने हलले, किती दोन पायऱ्यांनी, ते छापा. एका अंकाचंही नाव सांगू नका, नुसती टक्केवारी द्या. शंभरातल्या नव्वद अंकांना तोच आकडा आला म्हणणाऱ्या कंपनीकडे मी आनंदाने जाईन, मग ती दुसरीपेक्षा अर्धा गुण कडक असो की सैल. अर्ध्या गुणाचा फरक सगळ्यांना सारखा लागू असेल तर बाजार तो आठवड्याभरात पचवतो. अधूनमधून हलणारा फरक मात्र कुणालाच पचत नाही.

दुसरं, ग्रेड दिल्याची तारीख लेबलावर ठळक छापा. हात कधी आवळलात आणि कधी सोडलात हे संग्राहक लेबलांच्या जुन्या-नव्या नक्षीवरून ओळखू पाहतात. एवढी ज्योतिषगिरी करायला लावू नका. आणि ९.० च्या वरच्या प्रत्येक अंकाला, फी न वाढवता, दोष कुठे आणि कापले किती हे लिहा. फोटोवर बाण काढून दाखवलंत तर उत्तमच. पुनर्तपासणीची फी भरलेल्या माणसाला आकडा बदलला नाही तरी कारण मिळालं पाहिजे, आणि आकडा बदलला तर फी परत.

इथे आमच्या मंडळींनी आपसातल्या व्यवहारांपुरता एक रिवाज पाडून घेतला आहे. डबाबंद अंक असला तरी घेणारा आकडा शेवटी विचारतो. आधी कण्याचा फोटो, तिरक्या उजेडात काढलेला. मग चारही कोपरे, मग मलपृष्ठ. त्यातून भाव ठरतो आणि आकडा जुळला तर ठीक, नाही जुळला तर डब्याची किंमत शून्य धरायची. सुरुवातीला यावर बरीच नाकं मुरडली गेली. आता डबे विकणारेच आपणहून फोटो आधी पाठवतात.

आमचा पुढचा खोका दिवाळीनंतर निघेल. त्यात थोडे मार्व्हल आहेत, थोडे डीसी, आणि एका काकांचे जपून ठेवलेले अमर चित्र कथेचे जुने अंक. तो कुणाकडे पाठवायचा यावर अजून एकमत नाही. टिपा सविस्तर आणि फुकट देणाऱ्याकडे सध्या पारडं झुकलं आहे. काकांनी मात्र स्वतःचे अंक काढून घेतले. छपाई ओळखणारा माणूस आहे का, असं त्यांनी पत्र टाकून विचारलं होतं, त्याला उत्तर आलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक संग्राहक, निवृत्त गणित शिक्षक
पुणे